चार नंबरची फळी

आमच्या सासऱ्यांना अख्खी गल्ली ‘सायरन’ म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत आहे, आणि मनातून ते खूश असावेत असा मला दाट संशय आहे. वादळाचा इशारा रेडिओवर आला रे आला की हे शर्टाची बटणं लावत बाहेर पडतात. प्रत्येक दारावर दोन थापा आणि मग तो आवाज. “कुंड्या आत घ्या! टाकी भरून ठेवा! औषधं किती दिवसांची आहेत?” कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणतो, एका वर्षी सरकारी भोंगा बिघडला होता तर कुणाला पत्ताच लागला नाही.

बंदरातल्या गोदामात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते ते. नोकरी संपली, सवय काही संपली नाही. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे, आणि ती त्या जागेवर नसली तर ज्याने हलवली त्याची खैर नाही. माझ्या लग्नाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ, मी नुकतीच चहाचा कप घेऊन टेकलेली, आणि घरात फर्रर्र करून शिट्टी वाजली. बघते तर सासरे, गळ्यात शिट्टी, हातात वही.

“तालीम,” म्हणाले. “डोळे मिट आणि टॉर्च आणून दाखव.”

मी नवी सून, बोलते काय? डोळे मिटले, चाचपडत गेले आणि साखरेच्या डब्यात हात घातला. सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. सासरे हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माहेरी कुणी माझी परीक्षा घ्यायची हिंमत केली नव्हती, आणि इथे चक्क वहीत शेरा!

पण तालीम काही चुकली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे दर वर्षीही नाही. वादळाचा हंगाम लागायच्या आधीच्या रविवारी शिट्टी वाजायचीच. गॅसचा कॉक कुणी बंद करायचा, मेन स्विच कुणी पाडायचा, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी कुणाच्या कमरेला, सगळं ठरलेलं. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, म्हणजे वीज गेली तरी औषधं दोन दिवस गार राहतात. मी तर लांबच्या गावी राहणाऱ्या माझ्या नणंदेचा नंबर झोपेतही सांगू शकते, कारण वादळात घरच्यांनी एकमेकांना फोन करत बसायचं नाही, सगळ्यांनी तिला कळवायचं आणि तिने सगळ्यांना. माझा नवरा वीज मंडळात लाइनमन आहे. वादळ आलं की लोकांचे नवरे घरी येतात, माझा घराबाहेर पडतो. म्हणजे वादळात घरात आम्ही तिघंच, सासरे, सासूबाई आणि मी.

आणि फळ्या. त्यांच्याबद्दल जरा नीट सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

आमच्या घराला सहा खिडक्या. बांधणाऱ्याने डोकं न चालवता सगळ्या एकाच मापाच्या बसवलेल्या. सासऱ्यांनी प्रत्येक खिडकीसाठी जाड प्लायवूडची एक फळी करून घेतली होती. बाहेरून लावायची आणि बोल्टने आवळायची. माप एकच असलं तरी प्रत्येक चौकटीतली बोल्टांची भोकं वेगळी, त्यामुळे या खिडकीची फळी त्या खिडकीला बसत नाही. म्हणून फळ्यांच्या कडेवर लाल ऑइलपेंटने नंबर घातलेले, एक ते सहा. चार नंबर मधल्या खोलीची, सहा नंबर सासऱ्यांच्या स्वतःच्या खोलीची. हंगाम नसताना सगळ्या फळ्या बोळातल्या कपाटामागे उभ्या. पूर्वी तालमीला त्या लावूनही बघायचे. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या पाठीत उसण भरली, तेव्हापासून नुसत्या कडा मोजतात. बोट टेकवत जायचं, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मोजून झालं की वहीत बरोबरची खूण.

आता माझा पराक्रम ऐका.

मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे. दीड वर्षापूर्वी एका दवाखान्याच्या सगळ्या वॉर्डांच्या पडद्यांचं काम आलं. एवढं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. पण माझं कापायचं टेबल म्हणजे शाळेच्या बाकाएवढं. कापड एका बाजूने पसरलं की दुसऱ्या बाजूने जमिनीवर. सुतार म्हणाला, “ताई, एक जाड फळी द्या, तासाभरात टेबल करून देतो. मशीनही त्यातच बसवू, म्हणजे कापड सपाट सरकेल.” सासरे पेन्शनीच्या कामाला बाहेर गेलेले. मी कपाटामागे हात घातला आणि जी बाहेर आली ती चार नंबर.

दोनच दिवसांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. सुताराने तिचे दोन तुकडे करून मधे बिजागऱ्या मारल्या, मशीनसाठी चौकोनी भोक पाडलं. तो करवत चालवत होता तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही फळी काही आता परत जात नाही. पण टेबल असं झकास झालं की मी सगळं विसरले. त्यावर खालपर्यंत लोंबणारं कापड घातलं आणि झाकून टाकलं. कपाटामागे रिकामी जागा दिसू नये म्हणून एका मोडक्या कपाटाची पाठ तिथे सरकवली. पातळ, फडफडणारी. कडेला जाडी यावी म्हणून पट्टी ठोकली आणि त्यावर माझ्या लाल नेलपॉलिशने ‘४’ काढला. हुबेहूब! पुढच्या तालमीला सासऱ्यांचं बोट त्यावर टेकलं, पुढे सरकलं, आणि वहीत बरोबरची खूण झाली. एकतीस वर्षांच्या स्टोअरकीपरच्या डोळ्यांत मी धूळ फेकली म्हणून मला चक्क अभिमान वाटला. पुढच्या महिन्यात नवी फळी आणू, असं म्हणत म्हणत वर्ष गेलं.

मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर, त्यामुळे डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, पायाला वजन टांगून आठ आठवडे अजिबात हलवायचं नाही. दवाखान्यातून लोखंडी पलंग आला, तो मधल्या खोलीतच जोडला, कारण दुसरीकडे मावतच नव्हता. जोडलेला पलंग दारातून बाहेर निघत नाही. डोक्याकडे भिंत, पायाकडे टांगलेलं वजन, आणि डाव्या हाताला खिडकी. चार नंबरची.

सासूबाईंना पडून पाच आठवडे झाले होते तेव्हा रेडिओवर इशारा आला. मोठं चक्रीवादळ, उद्या सकाळी धडकणार.

सासरे गल्लीतल्या फेरीला निघाले. बेकरीवाल्याचा पत्रा दोरखंडाने बांधून घेतला, शेजारच्या नर्सबाईंना ड्यूटीवर जायच्या आधी बॅटऱ्या दिल्या. त्यांनाच विचारलं, “हिला दवाखान्यात हलवू का?” नर्सबाई म्हणाल्या, “काका, तिथे खाटा नाहीत आणि पुलावर पाणी चढतंय. गाडीत हाड सरकलं तर घोटाळा होईल. तुमचं घर उंचावर आहे, वर स्लॅब आहे. खिडकी पक्की करा आणि घरीच थांबा.” मदतकेंद्रावर विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं.

घरी येऊन सासरे म्हणाले, “जेवणं झाली की फळ्या लावायला घेऊ. सगळ्यात आधी चार.”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

सांगायला हवं होतं ना? तिथल्या तिथे, बाबा, माझ्याकडून असं असं झालं. पण मी, आणि चूक कबूल करणार! मी म्हणाले, “मी जरा दोरा घेऊन येते,” आणि स्कूटर काढली. वादळाच्या आदल्या दिवशी दोरा! माझं मलाच हसू यावं असं कारण. पहिल्या वखारीत प्लायवूड संपलेलं. दुसऱ्या वखारीत रांग, आणि माझ्या पुढे नऊ माणसं असताना मालकाने हात वर केले. मी त्याच्या हातापाया पडले. म्हटलं, घरात हाड मोडलेली म्हातारी आहे हो, एक फळी द्या, कसलीही द्या. तो बिचारा म्हणाला, “ताई, माझ्या स्वतःच्या दुकानाला लावायला शिल्लक नाही.” तिसरी वखार बंदच होती. अडीच तास मी वणवण फिरले. येताना वारा सुटला होता आणि मी हेल्मेटच्या आत रडत होते. ती फडफडणारी पाठ खिडकीला लावायची, आणि तिच्यामागे हलताही न येणारं माणूस. त्यांना काही झालं तर नवऱ्याला मी काय तोंड दाखवणार होते? ठरवलं, घरात पाऊल टाकायचं आणि सांगून टाकायचं.

फाटकातून आत आले तर सासरे मधल्या खोलीच्या खिडकीखाली उभे. कपाळावर घाम, शर्टावर लाकडाचा भुसा, हातात पाना. खिडकीच्या चौकटीला टेकवून ठेवलेली जाडजूड फळी, आणि तिच्या कडेवर लाल ‘४’.

मी बघतच राहिले. मला वाटलं, यांनी जास्तीची एखादी करून ठेवली असणार. हा माणूस टॉर्चला टॉर्च ठेवणारा, फळीला फळी का नाही ठेवणार? माझा जीव भांड्यात पडला.

“बाबा,” मी म्हणाले, “मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“आधी बोल्ट, मग बोलणं,” ते म्हणाले. “इकडून धर. दोरा मिळाला का?”

“नाही.”

“मग दोऱ्यावाचून राहू,” म्हणाले, आणि आवळायला लागले.

एक, दोन, तीन आणि पाच नंबरच्या फळ्या आम्ही दोघांनी मिळून लावल्या. सहाकडे मी वळले तर म्हणाले, “माझ्या खिडकीचं मी बघितलंय. तू भटकत होतीस ना तेव्हा.” आपल्या खोलीचं दार त्यांनी ओढून कडी घातली, खालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला, आणि कपाट ढकलून दाराला लावलं. “ही खोली आता उघडायची नाही. वाऱ्याला आत वाट मिळाली तर तो पुढची दारं शोधतो.” ते खरंच होतं, तालमीत ते दर वर्षी सांगायचे. त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. आणि खरं सांगू? सुटले बाई, एवढंच डोक्यात होतं. कबुलीजबाब मी गिळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचा निरोप नणंदेकडून आला, सबस्टेशनवर आहे, सुखरूप आहे. दहाच्या सुमाराला वीज गेली. अकराला वाऱ्याचा आवाज बदलला. मी एवढी वर्षं वादळं बघतेय, पण असा आवाज ऐकला नव्हता. कुणीतरी घराभोवती मोठमोठ्याने कापड फाडत फिरतंय असं वाटत होतं. आम्ही सगळे मधल्या खोलीत. सासूबाईंच्या पलंगाच्या आणि खिडकीच्या मधे दोन गाद्या उभ्या करून बांधलेल्या, त्यांच्या डोक्यावर माझं हेल्मेट.

“मी अशी दिसते तरी कशी?” सासूबाईंनी विचारलं.

“शर्यतीला निघाल्यासारख्या,” मी म्हटलं.

“एक पाय बांधून?”

त्या हसल्या, मी हसले. सासरे रेडिओ कानाशी धरून बसलेले, तेही हसले. मग सासूबाई मला म्हणाल्या, “तुला माहीत आहे का, हे असे का झाले ते?” मला माहीत होतं, शंभरदा ऐकलं होतं, पण म्हटलं सांगा. बोलत राहिल्या तर त्यांना भीती कमी वाटेल.

“लग्नाला दोन वर्षं झालेली. असंच वादळ. यांनी काय केलं, तर दोन दिवस गोदामात राहून मालकाचं गोदाम बंद केलं. एक फट सोडली नाही. आणि घराच्या खिडकीला? काही नाही! काच फुटली. मी कडेवर तुझा नवरा घेतलेला, सहा महिन्यांचा, आणि पाठीने गादी रेटून खिडकीत उभी. चार तास. हे दुसऱ्या दिवशी आले तर गोदामातली साखर कोरडी आणि बायको ओली.”

दर वेळी या ठिकाणी सासरे म्हणतात, “झालं का सुरू?” त्या दिवशी तेही नाही. नुसता सासूबाईंचा हात हातात घेतला.

तेवढ्यात त्यांच्या खोलीतून आवाज आला. आधी कडाड्, मग काच फुटल्याचा, मग सामान पडल्याचा. बोळातलं कपाट थरथरलं. मी ताडकन उठले.

“बाबा, तुमची खोली!”

“बस खाली.”

“अहो पण तुमच्या वह्या!” त्या खोलीत त्यांच्या वह्यांची आख्खी मांडणी होती. गोदामातल्या पहिल्या दिवसापासून रोज सकाळी वारा कुठून, किती, आकाश कसं, हे लिहिलेलं. एकही दिवस चुकवलेला नाही, स्वतःच्या लग्नाचा दिवससुद्धा.

“खोलीत कुणी माणूस आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बस.”

साडेबाराला सगळं एकदम थांबलं. इतकं शांत की सासूबाईंच्या पायाचं वजन दोरीवर करकरताना ऐकू आलं. फटीतून ऊन आत आलं. मी दाराकडे निघाले. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी असं धरलं नव्हतं.

“हा वादळाचा डोळा आहे, अगं. अर्ध्या तासात उलट्या बाजूने येईल. आतापर्यंत माझ्या खिडकीवर होतं. आता या खिडकीवर येणार.”

आणि आलं. पहिल्यापेक्षा जोरात आलं. चार नंबरची फळी घुमायला लागली, तिचा घुमारा माझ्या दातांत जाणवत होता. सासूबाईंनी डोळे मिटले. सासरे उठून गाद्यांना पाठ लावून उभे राहिले, शहात्तर वर्षांचा माणूस, आणि मी त्यांच्या शेजारी. मग बाहेरून काहीतरी येऊन फळीवर आदळलं, असं की आम्ही दोघंही गादीसकट एक पाऊल आत ढकलले गेलो. काच तडकली. पण फळी हलली नाही. बोल्ट सुटले नाहीत. पाण्याचा एक थेंब आत आला नाही. मी काय पुटपुटत होते ते आता आठवत नाही, पण त्यात फळीचे आभार नक्की होते.

चारच्या सुमाराला जोर ओसरला. सासूबाईंनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “चहा मिळेल का, की त्याचीही आधी तालीम आहे?” मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. नणंदेला निरोप दिला, तिघंही सुखरूप. नवऱ्याचं उत्तर आलं, “आई?” एवढंच. मी कळवलं, “कोरडी.” सासूबाईंनी तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांना झोपू दिलं आणि मी एकटीच पाना घेऊन बाहेर गेले. खिडकीखाली बेकरीवाल्याची लोखंडी पाटी पडलेली, कोपऱ्यात दुमडलेली. फळीवर, बरोबर सासूबाईंच्या डोक्याच्या उंचीवर, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा खोल खड्डा. त्या मोडक्या कपाटाची पाठ असती तर? बोल्ट काढले, फळी खाली घेतली आणि भिंतीला टेकवताना कड उन्हात आली.

‘४’ होता, पण तो ऑइलपेंटचा नव्हता. चकचकीत होता. बोटाने चाचपला. माझं नेलपॉलिश. मशीनच्या ड्रॉवरमधली बाटली. आणि त्याच्या खाली, पॉलिशपेपरने घासलेला पण पुरता न गेलेला, जुन्या लाल ऑइलपेंटचा ‘६’.

फळीला भोकांचे दोन संच होते. एक नवीन, ताजा. दुसरा जुना, त्यात माझ्या कापडाच्या चिंध्या ठासून वरून मेणबत्तीचं मेण ओतलेलं. म्हणजे मी वखारीत लोकांच्या हातापाया पडत होते तेव्हा या माणसाने कपाटामागून फळ्या काढल्या, माझी चोरी बघितली, आपल्या खिडकीची फळी उचलली आणि पाठदुखी घेऊन हाताच्या गिरमिटाने तिला नवी भोकं पाडली, एकट्याने. मी दारात आले की मला प्रश्न पडू नये म्हणून तिच्यावर माझ्याच नेलपॉलिशने चार काढला. मागच्या अंगणात गेले. सहा नंबरच्या चौकटीत बोल्टला अडकून माझ्या त्या पातळ फळीचा वीतभर तुकडा लोंबत होता. आत पलंग उलटा, त्यांच्या छंदाचं रेडिओ दुरुस्तीचं सामान चिखलात, आणि वह्या सगळ्या भिजून एकमेकींना चिकटलेल्या.

मी तिथेच पायरीवर बसले. मला वाटलं होतं मी त्यांना फसवलं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेले. ते उठून चहात पाव बुडवून खात होते.

“बाबा, चार नंबर मी कापली. टेबलासाठी.”

“हं. चांगलं झालंय टेबल. सुतार हुशार आहे.”

“मग टेबल का नाही मोडलंत? दोन तुकडे का होईना, तुमच्या खिडकीला लागले असते!”

“त्यावर तुझे कापलेले गणवेश होते. खुणा केलेल्या होत्या खडूने.” त्यांनी कप खाली ठेवला. “वादळ एका दिवसाचं. टेबल तुझं रोजचं आहे. आणि माझ्या खोलीत राखायला माणूस कुठे होतं? मी तर हिच्यापाशी बसणार होतो.”

“ओरडलात तरी असतात हो!”

“वेळ कुठे होता? आणि तू वखारी हिंडत होतीस, ते मला कळलं होतं. वादळाच्या आदल्या दिवशी दोरा आणायला कोण जातं?”

मधल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. “मला काही विचारू नकोस हं! मी खिडकीतून सगळं बघत होते, पण यांनी मला शपथ घातली होती.”

मी हुंदके देत हसत होते. पाया पडायला वाकले तर म्हणाले, “ते राहू दे, आधी वह्या बाहेर काढ.” मग आठवडाभर अंगणात दोऱ्या बांधून मी एकेक पान वाळवलं, कपड्यांच्या चिमट्यांनी टांगून. जेवढी वाचली तेवढी माझ्या मशीनवर, त्याच टेबलावर शिवून काढली. पहिली नऊ वर्षं गेली ती गेली. सासऱ्यांनी नव्या पानावर त्या दिवसाची नोंद केली. वारा, आकाश, आणि खाली एक ओळ, ‘घरातली सर्व माणसे कोरडी.’

सासूबाई आता काठी घेऊन चालतात आणि माझ्या टेबलापाशी बसून काजं-बटणं करतात. वखारीत माल आला त्या पहिल्या दिवशी मी सहा नंबरसाठी नवी जाड फळी घेऊन आले, भोकं स्वतः पाडली. जुनी फळी चार नंबरलाच राहिली, खड्ड्यासकट, दोन्ही आकड्यांसकट. सासरे एकदा पॉलिशपेपर घेऊन तो सहा नीट घासायला बसले होते, मी तो हिसकावून घेतला.

शिट्टी अजून त्यांच्याच गळ्यात असते. पण आमच्या घरची तालीम आता सहा नंबरच्या खिडकीपासून सुरू होते.